योगायोग आणि पुरावा : इंदूरच्या काही नवलकथा

‘तुम्हाला हे ठाऊक आहे का?’ या प्रश्नाने सुरू होणारे वाक्य कानी पडले की आमच्यातील वकील सावध होतो आणि आमच्यातील माणूस कान टवकारतो. ऐकीव गोष्टीला न्यायालयात किंमत नसते, साक्षीदाराने स्वतः पाहिलेले, स्वतः ऐकलेले सांगावे लागते, हे विधी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षापासून आमच्या मनावर ठसलेले आहे. असे असूनही न्यायालयाच्या आवारात मधल्या सुट्टीत चहाबरोबर ज्या गोष्टी चवीने सांगितल्या जातात, त्या बहुतेक ऐकीवच असतात. कोणाचा जन्म आणि कोणाचा मृत्यू एकाच तारखेस झाला, कोणत्या गावाच्या नावाचा मूळ अर्थ काय, कोणत्या दोन थोर पुरुषांची नावे सारखी निघाली, अशा नवलकथांचा मोह आम्हालाही आवरत नाही. मात्र त्या ऐकल्यावर त्यांची उलटतपासणी घेण्याची खोड आम्हाला जडली आहे. इंदूरमध्ये ऐकलेल्या काही नवलकथांची अशी तपासणी येथे मांडावी, असा विचार आहे.

इंदूरशी आमचा संबंध नात्याचा. आमची थोरली मावसबहीण त्या शहरात दिली. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांना अशा गोष्टींचा विलक्षण शौक. सकाळी पोहे-जिलेबीची बशी पुढे आली की, “अहो वकीलसाहेब, हे ठाऊक आहे का?” अशी त्यांची सुरुवात होते, ती दुसरा चहा संपेपर्यंत चालते. त्यांच्या पोतडीतील गोष्टी तीन प्रकारच्या असतात, हे आमच्या ध्यानात हळूहळू आले. काही सरळसरळ बनावट, काही खऱ्या पण निव्वळ योगायोगाच्या, आणि काही अशा की ज्यांना योगायोग म्हणणे हाच त्यांच्यावर अन्याय.

पहिल्या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध गोष्ट महूची. इंदूरनजीकच्या या छावणीच्या गावी १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, आणि २००३ साली गावाचे नाव डॉ. आंबेडकर नगर असे करण्यात आले. आता नवलकथा अशी की, महू हे मुळी गावाचे नावच नव्हे. ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’ या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. ही गोष्ट आम्ही दाजींकडून ऐकली, रिक्षाचालकाकडून ऐकली, आणि एकदा प्रवासात एका निवृत्त सैनिकाकडूनही ऐकली. तिघांनीही ती सारख्याच खात्रीने सांगितली.

पण ती टिकत नाही. महूची छावणी १८१८ च्या मंदसोर तहानंतर उभी राहिली. आद्याक्षरे जोडून शब्द घडवण्याची आणि तो शब्द म्हणून उच्चारण्याची रीत इंग्रजीत रुळली ती विसाव्या शतकात, दोन महायुद्धांच्या काळात. ‘रडार’ हा शब्द त्या रीतीचे अपत्य. १८१८ सालच्या इंग्रज अधिकाऱ्याला ती ठाऊक असण्याचा संभव नाही. शिवाय ‘युद्धाचे लष्करी मुख्यालय’ ही शब्दरचनाच अडखळते. लष्करी मुख्यालय युद्धाचे नसेल तर आणखी कशाचे असणार? भाषेच्या अंगाने पाहिले तर उलगडा फार सोपा आहे. लखनऊ हे नाव इंग्रजांनी कसे लिहिले ते आठवावे. शेवटच्या ‘नऊ’साठी त्यांनी एन, ओ, डब्ल्यू ही अक्षरे योजली. त्याच रीतीने मऊ अथवा महू या उच्चारासाठी एम, एच, ओ, डब्ल्यू ही अक्षरे आली. मऊ नावाची गावे उत्तर भारतात अनेक आहेत, आणि त्यांतील कोणत्याही गावी युद्धाचे मुख्यालय नव्हते. अर्थात, नाव आधी होते, इंग्रजी लेखन नंतर आले, आणि आद्याक्षरांची कथा त्याहून कितीतरी नंतर त्या लेखनाला चिकटवण्यात आली. भाषेच्या अभ्यासात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. अर्थ न लागणारा शब्द माणसाला सहन होत नाही, म्हणून तो त्याला ओळखीच्या अर्थाचे कपडे चढवतो.

अशा गोष्टी टिकतात कशा, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतील आहे. लिंकन आणि केनेडी या दोन राष्ट्राध्यक्षांमधील साम्यांची यादी आमच्या पिढीतील प्रत्येकाने केव्हा ना केव्हा वाचलेली असते. लिंकन १८६० साली निवडून आले, केनेडी १९६० साली. दोघांच्याही जागी आलेल्या उपाध्यक्षांचे नाव जॉन्सन, एकाचा जन्म १८०८ चा तर दुसऱ्याचा १९०८ चा. इथवर सगळे खरे. त्यानंतर यादी सांगते की लिंकन यांच्या चिटणिसाचे नाव केनेडी होते आणि केनेडी यांच्या चिटणिसाचे नाव लिंकन. यातील दुसरा अर्धा भाग खरा आहे. केनेडी यांच्याकडे एव्हलिन लिंकन नावाच्या चिटणीस होत्या. पहिला अर्धा मात्र निराधार आहे; लिंकन यांचे चिटणीस निकोलाय आणि हे. खऱ्या अर्ध्याच्या खांद्यावर बसून खोटा अर्धा गावोगाव फिरला. खोट्या साक्षीदारांपैकी सर्वांत अवघड तोच, जो दहापैकी आठ गोष्टी खऱ्या सांगतो.

‘एक गोष्ट खोटी तर सर्वच खोटे’ हे जुने लॅटिन सूत्र आपली न्यायालये नियम म्हणून मानीत नाहीत. ती साक्षीतील दाणे आणि फोलपट वेगळे करतात. लोकांचे न्यायालय इतके दयाळू नसते. मराठीच्या थोरवीची दहा उदाहरणे देताना त्यांत एक बनावट निघाले, तर ऐकणारा उरलेली नऊही हसण्यावारी नेतो. भाषेच्या प्रश्नावर चार माणसांत उभे राहून बोलणाऱ्या प्रत्येकाने हा अनुभव घेतलेला असेल.

दुसऱ्या प्रकारातील एक गोष्ट दाजींनी सांगितली तेव्हा आम्ही ती ताडून पाहिली, आणि ती पूर्ण खरी निघाली. लताबाई मंगेशकरांचा जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९ चा. १९६२ च्या युद्धातील हुतात्म्यांवरील जे गीत त्यांनी जानेवारी १९६३ मध्ये दिल्लीत पंडित नेहरूंसमोर गायिले, त्याचे कवी प्रदीप. त्यांचे गाव उज्जैन जिल्ह्यातील बडनगर, म्हणजे तेही माळव्याचेच. प्रदीप यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९१५ चा, आणि लताबाईंनी देह ठेवला तो ६ फेब्रुवारी २०२२ रोजी. याच्यावर कडी अशी की, कवी प्रदीप यांचे मूळ नाव रामचंद्र नारायणजी द्विवेदी, आणि त्या गीताचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. एका गीताला दोन रामचंद्र.

अंगावर रोमांच उभे करणारी ही गोष्ट खरी आहे. पण तिच्यातून काही सिद्ध होते काय? तीन व्यक्तींच्या जन्माच्या आणि मृत्यूच्या मिळून सहा तारखा होतात. यांतील कोणत्याही दोन जुळल्या असत्या तरी आपण तितकेच चकित झालो असतो. गणित सांगते की अवघी २३ माणसे एका खोलीत जमली, तर त्यांतील कोणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक असते. ज्या हजारो गीतांच्या बाबतीत तारखा जुळत नाहीत, त्यांची कथा कोणी सांगत नाही. रामचंद्र या नावाचे तर नवलही वाटू नये. शतकापूर्वी माळव्यात काय आणि महाराष्ट्रात काय, मुलाचे नाव रामचंद्र ठेवणे ही घरोघरची रीत होती. योगायोग मनाला सुखवतो, त्याचा आनंद जरूर घ्यावा. साक्षीला मात्र त्याला बोलावू नये.

तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा, आणि तो समजावून देण्यासाठी कायद्याचा आधार घेतो. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील कलम १५ योगायोगाविषयी बोलते. एखादे कृत्य अपघाताने घडले की हेतुपुरस्सर, असा प्रश्न असेल, तर तशाच घटनांच्या मालिकेत ते कृत्य बसते ही गोष्ट पुराव्यात येऊ शकते. कायद्याने दिलेले उदाहरण मोठे बोलके आहे. विम्याचे पैसे मिळावेत म्हणून घर जाळल्याचा एका माणसावर आरोप आहे. तो एकामागून एक अनेक घरांत राहिला, प्रत्येक घराचा त्याने विमा उतरवला, प्रत्येक घराला आग लागली, आणि प्रत्येक वेळी त्याने निराळ्या विमा कंपनीकडून पैसे घेतले. एक आग अपघात असू शकते. आगींची मालिका अपघात नसते. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हा नियम कायम आहे.

आता ही फूटपट्टी इंदूरला लावून पाहावी.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९१७ साली इंदूरला भरले. अध्यक्ष होते गणेश जनार्दन आगाशे. दुसऱ्याच वर्षी, मार्च १९१८ मध्ये, हिंदी साहित्य संमेलन त्याच शहरात भरले आणि त्याचे अध्यक्ष होते महात्मा गांधी. पुढे १९३५ साली मराठी संमेलन पुन्हा इंदूरला आले, औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या अध्यक्षतेखाली. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात हिंदी संमेलनही पुन्हा इंदुरात भरले, आणि अध्यक्ष पुन्हा गांधीजीच. दोन भाषांची संमेलने, एकच शहर, आणि तेही दोन वेळा. १९१८ सालीच गांधीजींच्या प्रेरणेने मद्रासला दक्षिणेतील हिंदी प्रचाराचे काम सुरू झाले. म्हणजे दक्षिणेत हिंदी नेणाऱ्या वाटेच्या आरंभी जे शहर आहे, तेथे आदल्याच वर्षी मराठी सारस्वतांचा मेळा भरला होता.

हा योगायोग नव्हे. राज्यकर्त्यांची बोली मराठी, होळकरांचे जुने दप्तर मोडी लिपीत, आणि प्रजेच्या तोंडी माळवी व हिंदी, अशी त्या शहराची घडण होती. दोन्ही भाषांना तेथे वाचक होते, देणगीदार होते आणि मांडव घालायला अंगणही होते. सीमाभागात राहणाऱ्या आमच्यासारख्याला या ठिकाणी क्षणभर थांबावेसे वाटते. मराठी संमेलन तिसऱ्यांदा इंदूरला गेले ते २००१ साली, विजया राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली.

दुसरी मालिका आडनावांची. इंदूर परिसराशी जोडलेली तीन नावे कोणालाही विचारावीत : होळकर, आंबेडकर, मंगेशकर. तिन्हींच्या शेवटी ‘कर’ आहे, हे दाजींनी एकदा मोठ्या कौतुकाने दाखवून दिले, आणि वर “केवढा योगायोग!” असे म्हणाले. आम्ही म्हणालो, “दाजी, हा योगायोग नाही, हा पत्ता आहे.” होळकर म्हणजे नीरेकाठच्या होळ गावचे. आंबेडकर या नावात कोकणातील आंबडवे आहे. मंगेशकर या नावात गोव्यातील मंगेशी आहे. गावात राहणाऱ्या माणसाला त्याच गावाच्या नावाने हाक मारण्याचे सहसा कारण नसते. सारेच त्या गावचे. माणूस गाव सोडून परमुलखात गेला की तेथील लोक त्याला त्याच्या गावाने ओळखू लागतात. एकाला तलवारीने माळव्यात आणले, एकाच्या वडिलांना पलटणीच्या नोकरीने, एकाच्या वडिलांना नाटकाने. तीन निरनिराळी शतके आणि तीन निरनिराळे थर. पण मागे राहिलेल्या गावाची खूण तिन्ही नावांनी जपली.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक ‘कर’ गावाचा नसतो. १९४५-४६ च्या रणजी करंडक स्पर्धेत होळकर संघाने इंदूरला म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या आणि एकाच डावात सहा फलंदाजांनी शतके काढली. ऐकताना थाप वाटावी अशी, तरीही पूर्ण खरी असलेली ही आणखी एक नवलकथा. त्या सहांत निंबाळकर होते आणि भांडारकरही होते. निंबाळकरांच्या नावात निंबळक हे गाव आहे. भांडारकरांच्या नावात भांडार, म्हणजे कोठार सांभाळण्याचा हुद्दा आहे. शेवट सारखा म्हणून मूळही सारखे मानू नये. हे तारतम्य सुटले की व्युत्पत्तीची महूकथा होते.

तिसरी मालिका सुरांची आहे. भा. रा. तांबे यांचा जन्म मुंगावलीचा, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातला. त्यांच्या कविता लताबाईंच्या आवाजात महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचल्या, त्या लताबाईही इंदूरच्या. त्याच कवीची गीते कुमार गंधर्वांनी रंगवून मांडली. कुमारजी जन्मले आमच्या बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे, ८ एप्रिल १९२४ रोजी, कानडी घरात. क्षयाने ग्रासल्यावर कोरड्या हवेसाठी १९४८ साली ते इंदूरशेजारच्या देवासला आले आणि १९९२ साली अखेरचा श्वास घेईपर्यंत तेथेच राहिले. “तुमचा मुलगा आम्ही सांभाळला,” असे दाजी आम्हाला अभिमानाने ऐकवतात, आणि यावर उलटतपासणी घेण्याचे आम्हाला कधी सुचलेले नाही.

आता दाजींच्या घरातील नवलकथा सांगतो. त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर काचेच्या चौकटीत एक जुना मोडी कागद आहे. माथ्यावर गोल शिक्का, खाली दाट ओळी. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात येई की ही अहिल्यादेवींनी दिलेली सनद. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती दाखवली जाई. सीमाभागातील जमिनींच्या दाव्यांत मोडी कागद नेहमी हाताळावे लागल्याने आम्हाला ती लिपी वाचता येते. पण काचेआडचा कागद वाचण्याचा प्रसंग आला नव्हता. तीन वर्षांपूर्वी चौकटीला वाळवी लागली, कागद बाहेर काढावा लागला, तेव्हा दाजींनी तो आमच्या हाती दिला.

सुरुवातीलाच शके १८०५ असे होते, म्हणजे इसवी सनाचे १८८३ च्या सुमाराचे वर्ष. अहिल्यादेवींचे निधन १३ ऑगस्ट १७९५ रोजी झाले. शिक्का मुद्रांकाचा होता आणि कागद होता गहाणखताचा. दाजींच्या पणजोबांनी लेकीच्या लग्नासाठी राहत्या घराचा पुढचा निम्मा भाग दोनशे रुपयांना गहाण टाकला होता. पाच साक्षीदार होते. तिघांची आडनावे ‘कर’ने संपणारी, एक नाव माळव्यातील स्थानिक, आणि पाचव्याने सहीऐवजी नांगराची निशाणी केली होती. कागदाच्या पाठीवर, आजवर कोणीच न पाहिलेल्या बाजूस, वेगळ्या हातची दोनच ओळींची नोंद होती : नऊ वर्षांनी मुद्दल व व्याज भरून पावले, घर मोकळे केले.

दाजी काही वेळ बोलले नाहीत. सनद गेली होती. ताई मात्र म्हणाली, “म्हणजे हे घर तेव्हाच जायचं होतं की!” आणि ज्या ओसरीवर आम्ही बसलो होतो, तीच गहाण पडलेली ओसरी होती, हे सर्वांच्या एकदमच ध्यानात आले. दाजींची नात शेजारी उभी होती. शाळेच्या प्रश्नमंजूषेत ‘लता मंगेशकर यांचा जन्म कोणत्या शहरात झाला?’ याचे उत्तर देऊन तिने बक्षीस मिळवले होते. मराठी ती बोलते, पण अडखळत वाचते. तिने साक्षीदारांची नावे मोठ्याने वाचायला लावली आणि विचारले, “आजोबा, हे सगळे कुठून आले होते? आणि आपण कुठून आलो?” त्यांच्या आडनावातील गाव साताऱ्याकडे आहे. दाजी तेथे कधीही गेलेले नाहीत.

परमुलखातील मराठीचे दुखणे आम्हाला त्या प्रश्नात दिसले. भाषा एकदम नाहीशी होत नाही. आधी ती व्यवहारातून जाते, मग वाचनातून, आणि शेवटी ‘तुम्हाला हे ठाऊक आहे का?’ या सदरापुरती उरते. अमुक येथे जन्मले, तमुक येथे राहिले, एवढेच. सुट्या सुट्या नवलकथा झाल्या की त्यांच्यातील मालिका दिसेनाशी होते, आणि तीन शतकांची वस्ती हा एक चमत्कारिक अपघात वाटू लागतो. याउलट, गहाणखतावरील पाच साक्षीदार कोण होते, ते एकमेकांच्या अडचणीला का उभे राहिले, असा प्रश्न मुलीला पडला, तर तेच आडनाव पुन्हा पत्ता होते.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. कोणी नवलकथा सांगितली तर दोन प्रश्न जरूर विचारावेत : ही प्रथम कोणी सांगितली, आणि ही एकटी आहे की मालिकेतली? दुसरी विनंती अधिक निकडीची. आपल्या अथवा नातेवाइकांच्या घरी, मग ते इंदूर असो, देवास, ग्वाल्हेर, बडोदे की तंजावर, मोडी कागद असतील, तर ते वाचू शकणारी माणसे आहेत तोवर वाचून घ्यावेत, आणि वाचताना कागद उलटून मागची बाजूही पाहावी. तेथे सनद निघणार नाही, बहुधा एखादे कर्ज निघेल. दाजींनी नवी चौकट करवून घेतली आहे. आता काच दोन्ही बाजूंना आहे, आणि शेजारी नातीच्या अक्षरात देवनागरी नक्कल लावलेली आहे.